वायरीचं भाडं

आमी मूळचं कडेगावकडचं. घरात सनई पहिल्यापास्नं, वडील वाजवायचं, चुलता वाजवायचा, मग आमी दोघं भाऊ. मी सनईवर आन थोरला नामदेव सुरावर. सूर म्हंजे काय सांगू तुम्हाला, सनईसारखंच असतंय, पर त्यात एकच स्वर धरून बसायचा, गालात वारा भरून, मधी तुटू द्यायचा न्हाई. सनई हिंडती, सूर जाग्यावर ऱ्हातो. लोकं बघायचं माझ्याकडं. बिदागी मिळाली की दोन वाटं सनईचं आन एक सुराचा, ही रीत वडलांच्या वेळची. नामदेव त्यावर कवा बोलला न्हाई.

एकदा सांगलीच्या एका कॅसेटवाल्यानं बोलावलं. भित्तींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, आमी घामानं निथळत लग्नाचं सगळं वाजवलं. त्यानं रोख पैसं दिलं, जेवू घातलं, एसटीचं भाडं दिलं, विषय मिटला. तवा आमाला त्यात कमी काय वाटलं न्हाई. मग कॅसेटी गेल्या, मोबाईल आलं, आन हळूहळू आमची बोलावणीबी कमी झाली. नामदेव छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्यामागं मी दुसरा सूरवाला बघितलाच न्हाई, शेतावर लक्ष घातलं.

मागच्या सालची गोष्ट, बायकोच्या भाचीचं लग्न वाईला होतं. हातात अक्षता घेऊन उभा हाय, आन साऊंडच्या खोक्यातनं सनई सुरू झाली. पहिल्या फुंकीलाच वळखली. बायकोला म्हणलं, अगं हे आमी हाय. ती म्हणली, गप उभं ऱ्हावा, मंगलाष्टका चालल्यात. तुमी इचाराल राग आला का, तर न्हाई आला. मागं नामदेवचा सूर चालला होता. अक्षता टाकायच्या ऱ्हायल्या माझ्या, तशाच मुठीत.

जेवणं झाल्यावर साऊंडवाल्याकडं गेलो. तिशीतला गडी, वायरी गुंडाळत होता. म्हणलं, ती सनई माझी हाय. तो म्हणला, आवं बाबा, कशावरनं? म्हणलं, लाव परत. त्यानं लावली, आन मी पुढची पुढची जागा तोंडानं आदी म्हणत गेलो. त्यानं वायर खाली ठेवली. म्हणला, मी तर नेटवरनं फुकट उतरवलंय, नावबी न्हाई त्यावर कुणाचं, आता काय द्यायचं सांगा.

आता काय सांगणार? एकदा वाजवलेलं, एकदा पैसं घेतलेलं. मी त्यालाच इचारलं, तू लग्नाचं कशाकशाचं घेतोस रं? तो म्हणला, खोक्यांचं भाडं, माईकचं, लाइटचं, वायरीचं. आन सनईचं? तो म्हणला, सनईचं काय न्हाई, ती त्यातच येती. मी म्हणलं, मग वायरीचं घेतोस तेवढं सनईचं दे, जवा लावशील तवा. तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणला, जमंल.

आन गडी शब्दाला जागला. लग्न झालं की फोनवर पैसं येत्यात. लय न्हाई, पर येत्यात. दुसरं हजार जण फुकट लावत असतील, त्यांच्या मागं कुठं हिंडू?

पहिलं पैसं आलं तसा वैनीकडं गेलो, नामदेवच्या बायकोकडं, आन रीतीपरमानं तिसरा वाटा तिच्याफुडं ठेवला. तिनं हात लावला न्हाई. म्हणली, भावजी, दम त्यांचा काय कमी लागायचा व्हय? तुमी मधी थांबून घाम पुसायचा, त्यांनी कवा पुसला? मी उभ्या जल्मात ह्याचा इचार केला न्हवता. तिथंच निम्मं निम्मं केलं. तवापास्नं तसंच चाललंय.

परवा वाटा द्यायला गेलो तर म्हणली, पैसं ऱ्हाऊ द्या, ते लावा की जरा. मी फोनवर लावलं. पदर तोंडाला लावून ऐकत बसली. मग म्हणली, भावजी, तुमची सनई बंद करून नुसता ह्यांचा सूर लावता येतोय का? म्हणलं, वैनी, ते एकात एक मिसळलंय, येगळं न्हाई काढता येत. बरं, म्हणली, मग तुमचंबी असू द्या. लावा परत.