खाचेतला खडा

चिकलठाण्याला स्कूटीचं पंक्चर काढायला थांबलो होतो. शेजारी एक उंच, धिप्पाड मोटरसायकल उभी होती. तिचा मालक इंद्रजीत नवे टायर निवडत होता, दुकानदार शफीकभाई जुना टायर मांडीवर घेऊन बसले होते.

"ते मातीत पकडणारे, उंच बटणांचेच टाका, शफीकभाई. हिमाचलात, स्पितीला जायचंय."

"कधी?"

"जायचंय."

"हा तुमचा जुना टायर बघा की. मधोमध गुळगुळीत, कडा कोऱ्या. चार वर्षं गाडी सरळ गेली अन् सरळ आली."

"फुलंब्री ते कंपनी. दुसरं कुठं जाणार?"

"मग बटणं डांबरावरच झिजतील. हे मधले घ्या, रस्त्याला बी चालतील, मातीला बी."

"ती फळीवरची बरणी कसली हो?"

"खडे हायत. गिऱ्हाईक लांब फिरून आलं की टायरच्या खाचांतून काढून ठेवतो. हा कच्छचा. हा निळसर लडाखचा. हातात घ्या."

"थंड लागतो."

"व्हय ना! भर मे महिन्यात बी लई थंड."

"तुम्ही गेलाय का कधी?"

"मी? जालन्याच्या पुढं नाय. दुपारी दुकानात कुणी नसलं की एकेक खडा हातात घेऊन बसतो. तेवढ्यात फिरून येतो."

"माझ्या टायरात काय निघालं?"

"सरकी. फुलंब्रीचीच असंल. बोला, कोणते टाकू?"

"मधलेच टाका. शफीकभाई, दुकान किती दिवस बंद ठेवता येतं?"

"का?"

"मागची सीट मोकळीच असते. काय म्हणता?"

"दोघं बसायचं म्हणल्यावर मागच्या टायरात हवा जरा जास्त भरावी लागंल."