नम्रता कमी आहे

नाई नाई, राकेशभाऊ, ते नाव खोडा — आधी खोडा, मंग चहा प्या. ‘मंडळीतले तरुण सेवक कसे घडवावे — जिजाबाई’ असं जे छापून आणलं ना तुम्ही, तिथं दुसरं कोणाचं तरी टाका. वर्ध्याले शिबिर घेऊन राह्यले, चांगलं करून राह्यले. तीस पोरंपोरी, अन् एकेकाच्या पाठीशी एक जुनं माणूस — हेही चांगलं. तुम्ही चर्चचे नवे पाळक, नागपूरवरून अल्लीपूरपर्यंत आले, नाई म्हणायले मलेही जड जाते. पण नाई. काऊन म्हणजे? गुडघे दुखतात माझे. — आता गुडघे तं सगळ्यायचेच दुखतात म्हणा, त्याचं काय सांगू.

मोनालीमुळंच नाव सुचवलं असंन कोणी माझं. हाव ना? जिजाबाईनं एका मजूर घरची पोरगी कुठून कुठं नेली, असंच सांगतात लोकं. तं आणली होती मी पुढं, खोटं काऊन बोलू. सोळा वर्षाची होती, बोलली तं आवाज ओठातल्या ओठात. मी नर्सची नोकरी करून रिटायर झालेली, मले वेळच वेळ. मी तिले चक्कीच्या बाजूले उभी करत होती — पिठाची चक्की हो, चौकातली — अन् तिथं बायबलचा शास्त्रपाठ वाचाले लावत होती. म्हणलं, चक्कीच्या आवाजाच्याही वर मले ऐकू आलं पाहिजे, ओरडायचं नाई, पोटातून काढायचं. चक्कीवाला हासे. दोन महिन्यात पोरगी अशी वाचे, का तो पट्टा बंद करून ऐकत बसे. आजाऱ्याच्या घरी कसं जायचं तेही मीच शिकवलं — गेल्या गेल्या प्रार्थना सुरू नाई करायची, आधी इचारायचं, काई खाल्लं का. हात हातात घ्यायचा. वचनं फेकून नाई मारायची माणसाच्या अंगावर. सहा वर्ष, राकेशभाऊ, सहा वर्ष माझ्या मागंमागं. आई म्हणते मले.

मंग पाळकाच्या शिक्षणाले काऊन नाई गेली? कमिटीनं नाई घेतलं. एवढंच. कमिटीचं काय, त्याइले वाटलं पोरगी कच्ची आहे. — नाई, तुम्ही असे पाहू नका माझ्याकडं. चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.

नलू म्हणून होती एक. माझी मैतरीण, लहानपणापासूनची. आम्ही दोघी एकाच बाकावर शिकलो, एकाच वर्षी बाप्तिस्मा घेतला. तिच्या पोटात गाठ निघाली, अन् डॉक्टरनं हात टेकले. मी रोज जात होती, मोनाली संग. मी प्रार्थना करे — माझी प्रार्थना लांब असते, तुम्ही ऐकली नाई अजून — अन् नलू डोळे मिटून पडून राहे. मले वाटे, समाधान आहे. एक दिवस मी सुरू करणार, तं तिनं हात वर केला. म्हणे, “जिजे, तू बाहीर बस जराशी. या पोरीले राहू दे.”

बाहीर बसली मी. आंगणात, बाजेवर. आत काय बोलून राह्यल्या ते समजे नाई. मंग नलू हासली. खरं सांगतो, हासली — जिच्या तोंडात पाण्याचा घोट राहत नव्हता ती बाई मोकळी हासली. पन्नास वर्षाची मैतरीण मी, माझ्यासमोर तिनं महिनाभर नुसते डोळे मिटले होते. का मिटत होती ते मले त्या बाजेवर समजलं.

चौथ्या दिवशी नलू गेली. हात मोनालीच्या हातात. कबरस्थानात तिचा पोरगा म्हणे, मोनालीताईले प्रार्थना करू द्या, आईनं सांगितलं होतं. लोकं माझ्याकडं पाहून बोलले, “जिजाबाई, तुमच्या हातानं पोरीचं सोनं झालं.” मी हाव हाव म्हणलं. घरी येऊन जेवली नाई मी. दुःख झालं म्हणून, असं सगळ्यायले वाटलं.

महिन्यानं कमिटीचा कागद आला. मोनालीनं पाळकाच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता — मीच कराले लावला होता, नलू जायच्या आधी. त्यात खाली जागा होती, मार्गदर्शकाचं मत. मी या इथंच बसून लिहिलं. ‘उमेदवार हुशार आहे, पण तिच्यात नम्रता कमी आहे.’ एवढंच. एकच ओळ. चांगल्या अक्षरात.

घ्या, सांगाले बसली नव्हती, सांगून गेली.

नम्रता कमी! जी पोरगी नलूची घाण स्वतःच्या हातानं उचले! मी तेव्हा मनाले समजावलं, का दोन वर्ष थांबली तं पिकंन, तिच्या भल्यासाठीच आहे. भल्यासाठी! कमिटीनं तिले पत्र पाठवलं, तं घेऊन धावत माझ्याकडंच आली. इथं उभी राहून वाचून दाखवलं. माझंच वाक्य, राकेशभाऊ, अन् आवाज तो पोटातून काढलेला, मी शिकवलेला. एक शब्द गळला नाई. मंग म्हणे, “आई, माझं कुठं चुकलं ते सांग ना. मी सुधारतो.” अन् मी काय म्हणलं? मी म्हणलं, देवाची वेळ असते, बाई. देवावर ढकललं मी.

तवापासून सुधारून राह्यली ती. तीन वर्ष झाले. हिंगणघाटले कापडाच्या दुकानात जाते, रविवारी मंडळीत मागच्या रांगेत बसते. वाच म्हणलं तं मान हालवते. आजाऱ्याच्या घरी बोलावलं तं जाते, पण दाराशीच उभी राहते, म्हणते मोठ्यायनं करा प्रार्थना. परवा जुन्या पाळकानं मले सांगितलं — “पोरगी किती नम्र झाली, जिजाबाई, तुमची शिकवण.”

तुम्ही तीस पोरं तीस म्हाताऱ्यायच्या हाती देऊन राह्यले. त्याइले नुसतं कसं शिकवायचं ते सांगू नका. पोरगं पुढं गेल्यावर आपल्या पोटात काय उठते, तेही इचारा त्याइले.

सांगितलं का तिले? नाई. कितीकदा तोंडावर आलं. दर बुधवारी दुकान बंद राहते, तं येते, माझ्या डोळ्यात औषध टाकाले — ऑपरेशन झालं ना मोतीबिंदूचं. माझं डोकं मांडीवर घेते अन् म्हणते, आई, हालू नको. तिथून वर पाहून कसं सांगू? अन् सांगितलं तं बुधवारी कोण येईन माझ्याकडं? हेही आहे. खरं तं हेच आहे.

तुम्ही काऊन उठले? तिले भेटाले? नाई, तुम्ही नका सांगू. तुमच्या तोंडून नाई. बसा — थांबा. फाटक वाजलं. बुधवार आहे ना आज.

ये, मोनाली. नाई, औषध राहू दे आज. हे नागपूरचे पाळक. तू इथं बस, माझ्यासमोर. मांडीवर नाई, समोर. मोनाली, तुले कमिटीचं पत्र आलं होतं ना — त्यातलं ते नम्रतेचं वाक्य कमिटीचं नव्हतं. मी लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं.

राकेशभाऊ, तुम्ही निघा आता. तिच्याकडं पाहू नका. निघा म्हणलं ना.