शर्ट वर करा

—दोन हजार चोवीस, उन्हाळा नुकता लागला होता, पंखे पुसायला खाली उतरवले होते, त्याच आठवड्यात हे पोटाला लावलं — लिहा तसं. आता थंडी सरत आली. म्हणजे एव्हाना सवय व्हायला पाहिजे होती, असंच ना तुमचं म्हणणं? झाली आहे सवय. मशीनमध्ये बिघाड नाही, सिस्टर, उगाच उलटंपालटं करून बघू नका. दंडावरचं हे बटण साखर बघतं, कमरेच्या डबीला कळवतं, डबी नळीतून पोटात इन्सुलिन सोडते — जास्त होतंय वाटलं तर आपणच हात आखडते. मला विचारत नाही. मला कोण विचारतंय! खुर्ची पुढे घ्या, तिथे दिवा पोचत नाही.

काय दिसतंय म्हणता? रोज दुपारी साखर पडते? त्या रेघा मला नका दाखवू, मला रेघा कळत नाहीत, चौथीत शाळा सुटली माझी. पडते तर पडते. या वयात माणूसच पडतो, साखरेचं काय घेऊन बसलात.

मी कारखान्याच्या गेटवर होतो. मी मान हलवल्याशिवाय ट्रक आत येत नव्हता — मॅनेजरसाहेबांना गाडीची डिकी उघडायला लावलीय मी, भर उन्हात, पाहुण्यांसमोर. सुटताना एकेकाचे खिसे तपासायचो. आणि आता हे माझे खिसे तपासतंय, झोपेतसुद्धा. जिना चढलो — कळलं. बिस्किट खाल्लं — कळलं. कूस बदलली, नळी दाबली गेली, की लागलं बोंबलायला. दावणीच्या बैलालासुद्धा दावं लांब असतं हो. मागे एकदा न्हाणीघरातून बाहेर पडताना नळी दाराच्या मुठीत अडकली. पुढे जावं तर पोटातली सुई उपटते, मागे वळावं तर डबी पट्ट्यातून सुटलेली, लोंबतेय. उभा राहिलो. दारात उभं राहण्यात जन्म गेला माझा, पण तेव्हा दार माझ्या ताब्यात होतं. हाक? नाही मारली. हाक मारायची पद्धत नाही आमच्याकडे. ती आली आपणहून, नळी सोडवली, म्हणाली, "थांबा." आणि गेली. "थांबा" — एवढंच.

ती म्हणजे बायको माझी. आत नळ वाहतोय ना, तीच.

हो, आधी इंजेक्शन तीच द्यायची. सकाळी आणि रात्री जेवणाआधी. मला स्वतःला टोचून घेता येत नाही — हसू नका, चोरांना नाही भ्यायलो कधी, सुईला भितो. ती यायची, "शर्ट वर करा" म्हणायची, टोचायची, "झालं" म्हणायची. हात गार असायचा तिचा, भांड्यांतून उठून आलेला. बाकी आमचा अबोला आहे.

कधीपासून — धाकटीचं लग्न झालं तेव्हापासून. वर्षं मी मोजत नाही, ती मोजत असेल. भांडण कसलं? भांडायला दोन माणसं लागतात. थोरल्या जावयाकडचे पाहुणे बसले होते, घरावर मजला चढवायचं बोलणं चाललं होतं, चहा घेऊन आलेली ही मध्येच म्हणाली, जिना बाहेरून काढा, आतून घेतलात तर पुढच्या खोलीची खिडकी जाईल. मी म्हटलं, तुला काय कळतं? बस, एवढंच. बाप्येमाणूस बोलतो एखाद्या वेळी, त्यात काय! तिने ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी सुई घेऊन हजर — "शर्ट वर करा." म्हणजे आपल्याला जे कळतं तेवढंच बोलायचं, बाकी तोंड बंद. मी म्हटलं बघू किती टिकतंय. टिकलं. तसली बाई आहे ती.

जिना ना? आतूनच काढला. माझा शब्द गेला होता. तुम्ही आल्या आल्या दिवा लावलात ना — हीच ती खोली. भर दुपारी लावावा लागतो.

मांजर होती तोवर बरं चाललं होतं. ती मांजरीला सांगायची, "जेवण वाढलंय म्हणावं." मी मांजरीला सांगायचो, "येतोय म्हणावं." मांजर बिचारी दोघांकडे बघून कंटाळायची, ताटापाशी जाऊन बसायची. मांजर मेली. मग ताट आपटल्याचा आवाज आला की समजायचं.

हे मशीन धाकटीने आणलं. म्हणाली, बाबा, आईला किती वर्षं खुंट्याला बांधून ठेवणार, बहिणीकडे रात्रभर राहायला जाता येत नाही तिला तुमच्या सुईपायी. खोटं नाही बोलली. बसवलं. तिची सुटका झाली. पहिल्याच सकाळी मी आपला पलंगावर बसलो, शर्ट वर करून — सवयीने, दुसरं काही नाही. ती दारातून गेली, बघितलं माझ्याकडे, जराशी थांबली. हातात सुई नव्हती. मग बोलणार काय? गेली. मी शर्ट खाली केला.

— नाही, दुपारचं काय, दुपारचं काही नाही. काय दिसतंय? खाल्ल्याची नोंद आहे आणि साखर चढलीच नाही? हं. गेटवर असायला हवं होतं तुम्ही.

ऐका मग. एकदा खरोखरच साखर पडली होती. हे ओरडायला लागलं, ती धावत आली, साखरेचं पाणी घेऊन — धावत, सिस्टर, गुडघे धरलेत तिचे. "घ्या." पेला संपेपर्यंत उभी राहिली. "अजून घ्या." मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या चहाला मी मशीनला सांगतो, अमुक इतकी बिस्किटं खातोय. ते बिचारं खरं मानतं, तेवढं इन्सुलिन सोडतं. बिस्किटं मी खात नाही. खिशात टाकतो. मग बसतो वाट बघत. घाम फुटतो, मग हे ओरडतं, मग ती येते. असं बघू नका माझ्याकडे. लोक गेटवर आम्हाला कसे फसवायचे ते बघत आलोय, तेवढं तर शिकलोच असेन.

बिस्किटांचं? कावळ्यांना घालतो गच्चीवर. चुरा राहतो थोडा खिशात, शर्ट धुवायला टाकला की— शर्ट? शर्ट तीच धुते. खिसे उलटे करून झटकून मग भिजवते, पहिल्यापासून.

हं.

पेला हल्ली आधीच भरलेला असतो. ओट्यावर, झाकण ठेवून. मला वाटायचं पाणी पिते ती.

तर म्हणजे — जाऊ द्या. गेल्या आठवड्याचं विचारता ना, हॉस्पिटलचं? मला वाटलं ती आत आहे. दुकानात गेली होती, माझ्या गोळ्या आणायला. हे ओरडायला लागलं, मी बसून राहिलो, आता येईल, मग येईल. मग म्हटलं उठावं, तर हात उचलेना. पुढचं मला माहीत नाही, शेजारीण सांगते. सांगते, मी खुर्चीखाली पडलेला, ही आली, माझं डोकं मांडीवर घेतलं, गालाला आतून साखर चोळली आणि बोलत सुटली. थांबेचना. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बोलत होती. काय बोलली विचारलं तर शेजारीण म्हणते, ते तुमचं तुम्ही बघा, मला कशाला विचारता. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं हो तिने — आणि मी तिथे नव्हतो. घरी आलो तर पुन्हा ताटाचा आवाज.

म्हणून म्हणतो, लिहा तुमच्या कागदावर, पेशंटला मशीन मानवत नाही. काढून टाका आणि सुई द्या परत लिहून. धाकटीशी मी बघून घेतो. का नाही? तिला परत बांधून ठेवायचं असं नाही माझं — तिला आवडतच असेल असं नाही, पण— मग काय करू म्हणता? मशीनचा आवाज तिच्या मोबाईलवर जोडायचा? कुठेही असली तरी कळेल? बहिणीकडे असली तरी? आणि खाण्याचा आकडा मी नाही दाबायचा, तिने दाबायचा. हं. चोराच्या हातून चाव्या काढून घ्यायला निघालात. घ्या.

तिचा होकार पाहिजे? मग विचारा की तिला. — मी? मी कशाला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही नीट विचाराल. मी विचारायचं म्हणजे— बसा, बसा हो, उठू नका. पिशवी ठेवा खाली.

नळ बंद झाला. ऐकलंत? ऐकतेय ती. मघापासून ऐकत असेल.

कुणाचं काही अंगावर ठेवून घेतलं नाही मी आयुष्यात, सिस्टर. विचारा गल्लीत कुणालाही. एवढं एक सोडून. दिवा जरा— नको, असू दे, दिसायला पाहिजे तिला.

अगं—

अगं ए! बाहेर ये जरा. हात पुसत बसू नकोस, ये तशीच. ह्या सिस्टर विचारतायत मशीनचं कसं करायचं ते. मी नाही सांगत. तू सांग. तुला कळतं.