एकेचाळीस कागदांवर एकच नाव

नाइनोआ : …आणि हा एकेचाळिसावा. यावरही रोदेल. फेली आंटी, तुमच्या लाँड्रीत माणसं किती?

फेली : बेचाळीस, माझ्यासकट. तू युनियनच्या ऑफिसातून माणसं मोजायला आलास, की या चादरींच्या घड्या घालायला?

नाइनोआ : विचारायला आलोय. बेटाच्या कौन्सिलच्या निवडणुकीत युनियननं कुणाला पाठिंबा द्यायचा, हे आजवर ऑफिसातली चार माणसं ठरवत होती. यंदा पहिल्यांदाच हॉटेलातल्या प्रत्येक सभासदाला कागद दिला. उमेदवार तीन. स्वयंपाकघराची मतं तिघांत वाटली गेली, बागेवाल्यांचीही. आणि तुमची ही अशी.

सेला : एकी म्हणतात त्याला. सभेत तुम्हीच शिकवता ना?

नाइनोआ : एकीबद्दल तक्रार नाही, सेला. पण खालचा प्रश्न बघ. ‘हाच उमेदवार का?’ त्यावर एकेचाळीस जणांनी लिहिलंय, ‘चांगला माणूस आहे.’ शब्दसुद्धा तेच. शनिवारी समिती हा गठ्ठा बघेल आणि बाजूला ठेवेल. लाँड्रीचं मत धरलंच जाणार नाही.

फेली : अक्षरं वेगवेगळी आहेत की.

नाइनोआ : अक्षरं वेगळी आहेत, आंटी. विचार कुणाचा, ते मला शोधायचंय.

सेला : त्यात शोधायचं काय? बाप्तिस्म्याला रोदेलला या फेली मनांगनंच, आमच्या थोरल्या ताईनंच, हातात धरलं होतं. मुलासारखाच तो तिला. गेल्या महिन्यात त्याच्या अंगणात डुक्कर भाजलं, आम्ही सगळे पोटभर जेवून आलो. मनांगला विचारल्याशिवाय आम्ही इथला साबण बदलत नाही, आणि तिच्या माणसाला सोडून दुसऱ्याचं नाव लिहू?

फेली : म्हणजे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत?

सेला : मग कुणासाठी? माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा माझ्या शिफ्टा कुणी केल्या?

नाइनोआ : थांबा. माणसं बेचाळीस आणि रोदेल एकेचाळीस. बेचाळिसाव्या कागदावर तोकुनागा बाईंचं नाव आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे कुणाचा ते कळत नाही.

सेला : हा कोण निघाला शहाणा? ड्रायरवरचा तो नवा पोऱ्या असणार. मनांग, बोलू का मी त्याच्याशी?

(फेली इस्त्रीचं यंत्र बंद करते.)

फेली : तो कागद माझा आहे.

सेला : तुझा?

फेली : हो. रोदेल माझा लाडका आहे. उद्या आजारी पडला, तर मीच त्याच्या उशाशी बसेन. पण दोन वर्षं तो कौन्सिलवर आहे, दर रविवारी माझ्याकडे पान्सितच्या शेवया खातो, आणि एकदाही त्यानं विचारलं नाही की लाँड्रीत दुपारी किती उकडतं. तोकुनागा बाई दाराशी आली आणि तीन प्रश्न विचारून गेली. दोन अगदीच बावळट होते.

सेला : आणि तिसरा?

फेली : ‘कामावर कशा येता?’ मी म्हटलं, गाडीनं. तर म्हणाली, आणि बाकीच्या? ते मला ठाऊकच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी इथं आहे. सेला, तू कशी येतेस गं?

सेला : मी? चालत.

फेली : कुठून?

सेला : घरून. तीन मैल असेल. शिफ्ट पहाटे पाचची आणि लिहुएच्या स्टँडवरून पहिली बस सुटते साडेसहाला. इथं आल्यावर चपला बदलते, म्हणून कळत नाही कुणाला.

फेली : मला का नाही सांगितलंस?

सेला : तू दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभी राहिली असतीस.

नाइनोआ : आणि कागदावर का नाही लिहिलंस?

सेला : कागदावर ‘कोण’ विचारलं होतं. बसचं कुठं विचारलं होतं?

नाइनोआ : नव्हतं विचारलं. शनिवारी तिन्ही उमेदवारांना समोर बसवून विचारायच्या प्रश्नांची यादी झालीय. तेवीस प्रश्न आहेत. बस त्यात कुठंच नाही.

फेली : कोरे कागद आणलेस? दे इकडे. आधी लिहायचं, आपल्याला काय हवंय. नाव शेवटी. हातात तीन दिवस आहेत, होईल.

नाइनोआ : आंटी, शनिवारी लाँड्रीतर्फे तुम्हालाच बोलायचंय. रोदेल समोर असेल. त्याची आईसुद्धा येणार आहे म्हणे.

फेली : येऊ दे. मी आणि ती एकाच विमानानं आमच्या मुलखातून, इलोकोसहून, या काउआई बेटावर आलो. तेव्हापासून एका ताटात जेवलोय. ती बोलायची बंद झाली, तर मला अन्न गोड लागणार नाही.

नाइनोआ : मग दुसऱ्या कुणाला पाठवू?

फेली : नको. मीच येईन. नवे कागद काय सांगतील, तेच बोलेन. माझ्या कागदात काय होतं, ते तिथं विचारू नकोस. घरी जाऊन तिला मी स्वतः सांगेन.

सेला : मनांग, आणि समजा, मी पुन्हा रोदेलच लिहिलं तर? बसचं सांगितलं, तर तोही करेल.

फेली : करेलही. लिही की. फक्त लिहिताना माझ्याकडे बघू नकोस.