पाठमोरा

ताई : थांब, परत मागे घेते. हा बघ, दाराशी उभा. पाठमोरा.

धाकटा : मीच असणार. माझ्या प्रत्येक सिनेमात मीच उभा राहतो, बाबांचा तपकिरी स्वेटर घालून. तुला काय नवीन आहे?

ताई : हो रे शहाण्या, चारही सिनेमे मीच संकलित केलेत. पण या शॉटला कॅमेरा कोणी धरला होता?

धाकटा : कॅमेरामन तापाने आडवा झाला होता.

ताई : म्हणजे तू. आणि स्वेटर?

धाकटा : आईच्या कपाटात.

ताई : कसर लागली म्हणून आईने तो गेल्या वर्षीच टाकला. तुला सांगितलं होतं, पण तुझं लक्ष कुठे असतं?

धाकटा : मग रस्त्यावरचा कोणीतरी मध्ये आला असेल.

ताई : असा डावा खांदा पाडून? बाबांचा हाच खांदा दार ओढून कायमचा बाहेर पडला, तेव्हा मी सात वर्षांची होते. तू रांगत होतास.

धाकटा : शॉट काढून टाक.

ताई : सिनेमाचा शेवट आहे तो! काढला तर उरतं काय, डोंबल? उद्या महोत्सवाला पाठवायचाय. आणि मुलाखतीत तूच सांगत फिरतोस ना, एक दिवस हा माणूस वळेल म्हणून?

धाकटा : मुलाखतीत माणूस काहीही बोलतो.

ताई : ऐक मग.

(ती शॉटचा आवाज वाढवते.)

ताई : इथे मान हलते, आणि लगेच तुझा 'कट'. एरवी चहा गार झाला तरी तुझा कट येत नाही. तू पाहिलंस त्यांना.

धाकटा : ...पाहिलं.

ताई : मग थांबवलंस का?

धाकटा : घाबरलो. तुला बाबांचा चेहरा आठवतो, मला नाही. वळल्यावर कोणी परकाच निघाला असता, तर एवढे सिनेमे मी कोणासाठी केले, ताई?

ताई : वेड्या, कट म्हणालास, पण कॅमेरा बंद करायला विसरलास. पुढे चार सेकंद आहेत.

धाकटा : तू बघितलेस?

ताई : सकाळपासून तेच बघतेय.

धाकटा : बाबाच आहेत?

ताई : बाबाच. एक केस पिकलेला नाही.

धाकटा : माझ्याकडे बघतात?

ताई : सरळ तुझ्याकडे. आवाज येत नाही, पण ओठ हलतात.

धाकटा : काय म्हणतात?

ताई : 'अजून किती वेळ उभा राहू रे?'