सेइर्यू मिहाराशी

दुबईत अल बर्शाला जाणाऱ्या मेट्रोत माझ्या मागच्या सीटवर नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

“दोन वर्षांनी सुट्टी मिळाली, आणि तुम्हाला जपानला जायचंय?”

“सेइर्यू मिहाराशी स्टेशन. नावाचा अर्थच नितळ नदीचा देखावा, शहनाझ.”

“आणि स्टेशनबाहेर काय आहे?”

“बाहेर जायला रस्ताच नाही. फलाटावर उतरायचं, नदी बघायची, परत गाडीत बसायचं. खलास.”

“या अल्ला! रत्नागिरीला आपल्या घरामागे नदी नाही?”

“वीस वर्षांत ती बघायला मिळालीय मला? दारात पाऊल टाकलं की अख्खा मोहल्ला माझ्या बॅगा उघडायला बसतो!”

“मग तिथं काय वेगळं होणारे?”

“तिथं गेटच नाही गं. ‘आमच्यासाठी काय आणलंस?’ विचारायला येणार कुठून?”