अकराव्या मजल्यावरची टॅक्सी

चीनमधलं चोंगचिंग मला जाम आवडलं. आयर्लंडमधल्या मेनूथहून आम्ही मैत्रिणी गेलो होतो, सोबत ऋचाचे बाबा, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर.

हॉटेल सोडताना परतीच्या ट्रेनला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "काका, टॅक्सी अकराव्या मजल्यावर येणार आहे."

"मला शिकवू नकोस. टॅक्सी तळमजल्यालाच येते," म्हणत ते लिफ्टने खाली गेले.

मग त्यांचा फोन आला. "मी रस्त्यावर उभा आहे. तुम्ही कुठे?"

"आम्हीपण रस्त्यावरच. जरा वर बघा."

शहर डोंगरउतारावर, त्यामुळे हॉटेलच्या अकराव्या मजल्यालाही रस्ता, तळमजल्यालाही रस्ता.

ते वर येईपर्यंत ट्रेन चुकलीच. काका कठड्यावरून वाकून म्हणाले, "संध्याकाळच्या ट्रेनने जाऊ. मला हे नीट बघायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाचं मुकाट ऐकलं.